शिवा पेंटरची सही

प्रमिलाच्या दहाव्याला फ्लेक्स लावायचा नाही, हे विचुंब्याच्या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं.

"शिवा पेंटरच्या पोरीला फ्लेक्स? शोभंल का?" दयाराम पाटील म्हणाले. हे गावचे माजी सरपंच. कुणाच्याही मयताला जा, यांची खुर्ची मधोमध. "पनवेल-उरनच्या मेलेल्या निम्म्या मानसांना ज्यानं रंगात उभा केला, तो आपल्या लेकीला नाय करनार? वर्षश्राद्धाला हातानं रंगवलेला फोटोच लागंल. काय रं शिवा?"

शिवाकाका भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, देव जाणे. मंडळींनी ती होकाराची धरली आणि विषय संपला.

मी दारात चपलांच्या ढिगाशी उभी होते. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. शाळेत पोरं मला माझ्या पाठीमागे 'फटाका बाई' म्हणतात आणि ते मला ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. कारण त्या घरात फक्त मला, प्रमिलाच्या नवऱ्याला, रमेशला, आणि खुद्द म्हाताऱ्याला माहीत होतं की शिवा पेंटरनं गेल्या कित्येक वर्षांत एकही चेहरा काढलेला नाही. घरोघरी हार घालून टांगलेले ते सगळे चेहरे प्रमिलानं काढले होते. आणि ती आता गेली होती. साध्या डेंग्यूनं, चाळिशी नुकतीच उलटलेली असताना.

प्रमिला आणि मी पनवेलच्या शाळेत एका बाकावर बसायचो. मी शहरातली, ती विचुंब्याहून यायची. तिचे केस मुलासारखे बारीक कापलेले असत. ऑइलपेंट केसांत गेला की कात्रीशिवाय निघत नाही, आणि तिचा बाप तिला लहानपणापासून परांचीवर घेऊन चढायचा. शिवाकाका तेव्हा सिनेमाची पोस्टरं रंगवायचे, ट्रकांच्या मागची अक्षरं काढायचे, शाळांच्या भिंतींवरचे पुढारी काढायचे. ही हाफ पँट आणि बापाचा जुना शर्ट घालून शेजारी डबा धरून उभी. लोक खालून ओरडत, "शिवा, पोरगा मोठा झाला रं!" शिवाकाका दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. पोरगी परांचीवर चढवली म्हटलं असतं तर सतरा जणांनी सतरा गोष्टी सुनावल्या असत्या.

आम्ही दोघी ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलो. तिला ए ग्रेड मिळाली, मला बी. त्या बी ग्रेडवर मी मुंबईच्या आर्ट स्कूलला गेले आणि ड्रॉइंगची बाई झाले. ए ग्रेडवाली घरी राहिली. "शिकून काय करनार?" शिवाकाका माझ्या वडिलांना म्हणाले होते. "मना येतं तेवडा सगला तिला येतं." ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत.

पुढे फ्लेक्स आला आणि पोस्टरं रंगवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. पण त्याच सुमाराला जमिनी विमानतळाला आणि नव्या वसाहतींना गेल्या, खाडीकाठच्या गावांतून बंगले उठले, आणि प्रत्येक बंगल्याच्या हॉलमध्ये एक मोठी भिंत आली. त्या भिंतीवर कोण? तर मिठागरात उभी हयात काढलेला बाप, गुडघाभर चिखलात लावणी केलेली आई. मतदार कार्डावरचा नखाएवढा फोटो घेऊन लोक विचुंब्याला येऊ लागले. कॅनव्हासवर तेलरंगात काढलेल्या त्या चित्राला सगळे 'हातानं रंगवलेला फोटो' म्हणत. शिवा पेंटरच्या हातात माणूस परत येतो, अशी त्यांची ख्याती उलव्यापासून जासईपर्यंत झाली.

आणि नेमके तेव्हाच त्यांचे डोळे गेले. आंधळे नाही झाले. डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या डागावर इलाज नाही. काकांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, "ज्याच्याकडं बगतो त्याचाच तोंड पुसलेला दिसतो बग. बाजूला कुटंतरी बगला, तर तो मानूस कोपऱ्यातून दिसतो. थोडासा. चोरून आल्यासारका."

तेव्हापासून चेहरे प्रमिला काढू लागली. इतर ठिकाणी उस्ताद चेहरा काढतो आणि शागीर्द लुगड्याच्या निऱ्या भरतो. काकांच्या 'शिवा आर्ट्स'मध्ये सगळं उलटं. बाप मागचा पडदा, पातळाचे मोठे पट्टे, धोतराच्या चुण्या अशी रुंद ब्रशची कामं करायचा. लेक चेहरा आणि हात करायची. शेवटी उजव्या कोपऱ्यात सही मात्र बापाची. 'शिवा'. पहिली वेलांटी लांब ओढलेली. ती काढायला त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

मी म्हणायची, "काका, तिचं नाव टाका की!" ते म्हणायचे, "मेलेल्या मानसाचा काम बाईच्या हातचा म्हटल्यावर लोक घेतील का गो?" मी म्हणायची, एकाला तरी विचारून बघा. त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. लग्नसुद्धा असं लावलं की ती घराबाहेर जाऊ नये. जावई शोधला तो मागंपुढं कोणी नसलेला, जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवणारा, घरजावई व्हायला एका पायावर तयार. रमेश माणूस चांगला, पण घरात बोलायचं कमी आणि जेवायचं मुकाट, असा. मूलबाळ त्यांना झालं नाही. प्रमिला हे सगळं हसून घालवायची आणि तिच्या हसण्यानं माझी आणखी चिडचिड व्हायची.

शनिवारी शाळा अर्धी असायची. मी दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची. पत्र्याच्या शेडमध्ये अळशीच्या तेलाचा वास, टेबलफॅनची घरघर, आणि ती स्टँडसमोर. "काय तरी गोष्ट सांग, प्राजू," म्हणायची. एका शनिवारी मी तिला व्हेनिसची गोष्ट सांगितली, आर्ट स्कूलमध्ये शिकलेली.

"इटलीतलं गाव. सगळं पाण्यात. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी तिथं एक मोठा चित्रकार होता, टिंटोरेटो. ते टोपणनाव. बाप कापड रंगवायचा म्हणून लोक याला म्हणायचे टिंटोरेटो, छोटा रंगारी. त्याला एक मुलगी होती, मारिएट्टा. लहानपणी बाप तिला मुलाचे कपडे घालून आपल्याबरोबर कामाला न्यायचा, असं तिचं चरित्र लिहिणाऱ्यानं लिहून ठेवलंय."

प्रमिलाचा ब्रश थांबला. "हाफ पँट?"

"तेव्हाची जी काय असेल ती."

"मंग?"

"मग ती बापाच्या हाताखाली तयार झाली. गायची, वाद्य वाजवायची, आणि माणसांचे चेहरे तर असे काढायची की स्पेनच्या राजापर्यंत नाव गेलं. राजानं बोलावलं, बादशहानं बोलावलं. दरबारात या, म्हणाले."

"गेली?"

"बापानं पाठवलं नाही. गावातल्याच एका जवाहिऱ्याशी लग्न लावून दिलं, म्हणजे जवळ राहील. तिशीच्या आसपास ती गेली. बाळंतपणात, म्हणतात."

प्रमिला ब्रश चिंधीला पुसत राहिली. मला वाटलं, उगाच सांगितलं. पण तिचा प्रश्न भलताच निघाला. "आन तिनं काडलेली चित्रं?"

"बापाच्या नावानं जी मोठमोठी चित्रं बाहेर पडली, त्यांत तिचाही हात असणार. कुठं? ते आज कोणी सांगू शकत नाही. पंडित भांडतात. एकच चित्र तिचं म्हणून दाखवतात. तिनं स्वतःचंच काढलेलं, हातात गाण्याची वही घेऊन उभी. तेही तिचं असं मानतात. खात्री कुणाला नाही."

"खात्री कशी नाय?" प्रमिला एकदम म्हणाली. "सोताचा काडला म्हंजे आरशात बगून काडला ना? डोले तिचेच ना त्यात? मंग आनी सही कशाला पायजे?"

मी हसले. मग गोष्टीचं शेपूट सांगितलं. मुलगी गेल्यावर बाप सावरला नाही, चार-पाच वर्षांत तोही गेला. आणि पुढच्या लोकांनी अशी एक कथा रचली की मुलीच्या उशाशी बसून त्यानं तिचं शेवटचं चित्र काढलं. खरंखोटं कोण सांगणार!

"काडला असंल," प्रमिला म्हणाली. "बाप हाय तो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत जासईचं काम आलं. धनेश नावाचा माणूस, कंटेनर यार्डात कामगार पुरवण्याची कंत्राटं घेतो, नवा बंगला बांधलेला. त्याला आजीचा फोटो हवा होता. रंभाआजी. आणि रंभाआजीचा फोटो नव्हताच. लहानसा नाही, धूसर नाही, कसलाच नाही. मिठागरात जन्म गेलेल्या बाईचा फोटो कोण काढणार?

अशा वेळी शिवा आर्ट्समध्ये नातलगांना बसवायची पद्धत होती. धनेशचे वडील आले, आत्या आली. स्टुलावर एकेकाला बसवायचं आणि विचारायचं: नाक कुणावर गेलंय? कपाळ कुणाचं? "नाक माजाच, आयचा आसाच होता," आत्या म्हणाली. कपाळ धनेशच्या वडिलांचं. हनुवटी उलव्याला दिलेल्या चुलतबहिणीची, तिलाही बोलावून घेतलं. शिवाकाका स्टँडमागे उभे राहून मापं घेतल्यासारखं करायचे. खरी मापं प्रमिला घेत असायची, चहाचा ट्रे हातात धरून. सगळं उसनं मिळायचं, डोळे तेवढे मिळायचे नाहीत. जित्या माणसाचे डोळे मेलेल्याच्या फोटोला लावले की त्या जित्याला बाधतं, अशी या गिऱ्हाइकांची समजूत. कुठून आली कोण जाणे, मी तरी ती त्या शेडमध्येच ऐकली. त्यामुळे डोळ्यांची वेळ आली की सगळे उठून जायचे. एरवी प्रमिला कुठल्या तरी जुन्या फोटोवरून डोळे घ्यायची. या वेळी तिनं खिळ्याला अडकवलेला आरसा काढला आणि स्टँडला टेकवला.

"काय करतेस?" मी ओरडलेच. तसल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, पण जीव चरकला तो चरकलाच.

"सही करते," ती म्हणाली.

तो फोटो जासईला पोहोचवायला मीही गेले होते. वरचं कापड काढलं आणि आत्यानं हंबरडा फोडला. "आये, आलीस गो? कवरे वर्सांनी आलीस!" म्हातारी फोटोतल्या पायांवर डोकं ठेवायला गेली, तर पाय काढलेलेच नव्हते, तिनं चौकटीवरच डोकं ठेवलं. शिवाकाकांना शाल-श्रीफळ दिलं. प्रमिला मागे उभी राहून फोटोला बांधून आणलेली सुतळी गुंडाळत होती. परतताना मी तिला विचारलं, "तुझा जीव जळत नाही का गं?"

"मी हाय ना तिथं भितीवर," ती म्हणाली. "रोज हार मिलनार मना." आणि खिदळली. मला अजून ते खिदळणं ऐकू येतं आणि अजून रडू येतं.

वर्षश्राद्धाला वर्ष होतं. काकांनी दुसऱ्याच महिन्यात कॅनव्हास ताणून घेतला. मी दर रविवारी जायची. पातळ त्यांनी झकास रंगवलं, तिच्या लग्नातलं, पोपटी. मागचा पडदा झाला. खांदे झाले. आणि मधोमध पांढरी जागा राहिली ती राहिलीच.

"तिच्या तोंडावर तीळ व्हता ना? कंच्या बाजूला?"

"डाव्या. ओठाच्या वर."

"हां. आनी केस?"

"कानापाशी पिकले होते."

काका ब्रश खाली ठेवून माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या बादलीकडे बघत राहिले. "कवा पिकले?" त्यांनी विचारलं. "मना कोनी बोलला नाय. माज्याकडं तिशीची पमी हाय. काले केस." मग हळूच म्हणाले, "रोज समोर बसून जेवायची. मना तिचा तोंडच नाय दिसला गो इतकी वर्सं."

त्यांनी चेहरा काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चार रविवार केला. पांढऱ्या जागेत एक गढूळ डाग तयार झाला. टर्पेंटाइननं पुसला, पुन्हा केला, पुन्हा पुसला. मग मला म्हणाले, तू काढ, तू मास्तरीण. मी मोबाइलमधला फोटो समोर ठेवून काढला. कॅनव्हासवर सर्व शिक्षा अभियानाच्या भिंतीवरची मुलगी उमटली. काकांनी मान तिरकी करून तिला कोपऱ्यातून पाहिलं आणि सरळ मनानं विचारलं, "ही कोन?"

मी सुचवलं, पेणला एक चांगला आर्टिस्ट आहे, फोटोवरून हुबेहूब करून देईल.

"नको," ते म्हणाले. "आनी एका मानसाच्या कामावर माजी सही? पुरे झाला आता."

एवढी वर्षं मी म्हाताऱ्यावर दात धरून होते. त्या दिवशी तो राग कुठं गेला कळलं नाही. समोर एक म्हातारा बसला होता, ज्यानं मुलीला जन्मभर जवळ ठेवलं आणि तिचा चेहराही त्याच्याजवळ उरला नव्हता. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, तिचे डोळे आहेत. तिनंच काढलेले. जासईला."

आणि आरशाची गोष्ट सांगितली. त्यांना माहीत नव्हती. कशी असणार? आपण सही केलेल्या त्या फोटोतून आपलीच मुलगी बघत होती, हे त्या माणसाला दिसलंच नव्हतं. ते उठले. खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्यात एक बारीक ब्रश टाकला आणि दोन ट्यूबा. "चल," म्हणाले.

गव्हाण फाट्याला ट्रेलरांची ही रांग. माझ्या गाडीत एसी चालू होता तरी काकांच्या कपाळावर घाम. सगळ्या वाटेत एकच बोलले, "माजी सही पुसून तिची टाकाची. त्या एका तरी फोटोवर. तेवडा झाला की फोटो चार दिस मागून घेऊ, वर्षश्राद्धाला तोच ठेवू. आनी गावाला सांगू." मला हे इतकं सोपं आणि सुंदर वाटलं की मी ट्रेलरवाल्यांना शिव्या द्यायचीसुद्धा विसरले.

धनेश आणि त्याची बायको सुनीता, दोघंही घरी होते. काकांना पाहून दोघं वाकले. प्रमिलाचं कळलं होतं, वाईट झालं, म्हणाले. समोरच्या भिंतीवर रंभाआजी. ताज्या झेंडूचा हार. कपाळ धनेशच्या वडिलांचं, नाक आत्याचं, आणि त्या सुरकुत्यांमधून सरळ माझ्याकडे बघणारी प्रमिला. डावी पापणी किंचित उतरलेली.

काका बसलेच नाहीत. "धनेश, ही सही माजी हाय," ते म्हणाले. "काम माजा नाय. माज्या लेकीनं काडलाय हा. आनी हाच नाय, सगलेच. मना दिसत नाय. कवाचाच दिसत नाय."

मग धनेश उठला, काकांच्या खांद्याला धरून त्यांना सोफ्यावर बसवलं. "काका, आधी पाणी घ्या," तो फार मायेनं म्हणाला.

"आरं, मी खरा बोलतो."

"हो काका. घ्या पाणी."

सुनीतानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "लेकीच्या दुःखात माणूस काय काय बोलतो हो."

तेव्हा मात्र माझा आवाज वर्गातला झाला. "ते खरं सांगताहेत. मी समोर बसून पाहिलंय, तिला चेहरे काढताना. वर्षानुवर्षं."

धनेशनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत शंका असती तर मी भांडले असते. तिथं आदर होता. "मॅडम, तुम्ही काकांच्या मुलीच्या मैत्रीण ना? मोठं मन आहे तुमचं." एकदा मन मोठं ठरलं की बोलायला जागा राहत नाही.

"डोले बगा!" काका ओरडले. "दाखव गो प्राजू, दाखव त्यांना!"

मी मोबाइलमधला प्रमिलाचा फोटो उघडला आणि रंभाआजीच्या शेजारी धरला. दोघं जवळ आले. धनेशनं फोटोकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, परत फोटोकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ओळखले त्यानं. डोळे ओळखले. मला प्रमिलाचं बोलणं आठवलं, मंग आनी सही कशाला पायजे, आणि मनात म्हटलं, बाई, जिंकलीस.

धनेश वळला आणि काकांसमोर गुडघ्यावर बसला.

"काका," त्याचा आवाज फुटला, "तुम्ही आमच्या आजीला पोटच्या पोरीचे डोळे दिलेत?"

आणि त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी तोंड उघडलं, पण सुनीता माझ्याआधी बोलली. ती रडत होती, आणि रडता रडता तिला राग आला होता. "पण असं करतात का काका? जितीचे डोळे मेलेल्याला? तुम्हाला तर हे ठाऊक होतं. अहो, म्हणूनच गेली ती पोर! कशाला लावलेत?"

"काय वाटेल ते बोलू नका," मी म्हणाले. "डेंग्यूनं गेली ती. आणि डोळे तिनं स्वतः..."

काकांनी हात वर केला. मला थांबवलं. ते कुणाकडे बघत होते सांगता येत नाही, ज्याला बघायचं त्याच्यावर त्यांची नजर नसतेच. धनेशच्या डोक्यावर त्यांचा हात आपोआप गेला होता.

"हां," ते म्हणाले. "माज्यामुलंच गेली. मीच तिला कुटं जाऊ नाय दिली."

त्या वाक्याचा अर्थ त्या घरात मला एकटीलाच कळला. त्या दोघांना त्यांचा अर्थ कळला, आणि सुनीता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ द्या काका, होऊन गेलं."

पिशवीतला ब्रश पिशवीतच राहिला. सही पुसायचा विषय काकांनी परत काढला नाही, मीही काढला नाही. कुणाला सांगणार होतो? ज्या पुराव्यावर प्रमिला इतकी विसंबली होती, तो बघता बघता बापाच्या नावावर जमा झाला होता. व्हेनिसचे पंडित निदान भांडतात तरी. इथं भांडायलासुद्धा कोणी नव्हतं.

निघताना काका म्हणाले, "जरा बगू?"

ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आणि त्यांनी मान वळवली. फोटोच्या डाव्या हाताला स्विचबोर्ड होता. त्या स्विचबोर्डकडे ते टक लावून बघू लागले. हलले नाहीत, डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. बऱ्याच वेळानं हळू आवाजात म्हणाले, "हाय. हाय गो ती."

वर्षश्राद्धाला शेवटी फ्लेक्सच लागला. प्रमिलाचा मोबाइलमधला फोटो मोठा केलेला, आणि खाली लाल अक्षरांत 'सुप्रसिद्ध चित्रकार शिवा पेंटर यांची कन्या'. काकांनी तिथंही खरं सांगून पाहिलं. दयाराम पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मंडळींना म्हणाले, "पोरीच्या मागं शिवानं आपला नावपन तिला देऊन टाकला. असा बाप पाहिजे." मंडळींनी माना डोलावल्या. रमेश पंगतीत पाणी वाढत होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा जग घेऊन पुढच्या ओळीला गेला. पोपटी पातळाचा तो कॅनव्हास शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

आता दर अमावास्येला मी काकांना जासईला घेऊन जाते. धनेशच्या घरी त्यांची खुर्ची ठरलेली आहे, फोटोच्या समोर. चहा होतो. काका खुर्चीत बसतात, मान वळवतात आणि स्विचबोर्डकडे बघत राहतात. कधी पाहुणे असतात. ते विचारतात, हे असे भिंतीकडे काय बघतात?

"लेकीचे डोळे आहेत ना त्या फोटोत," सुनीता त्यांना हळूच सांगते. "त्यांना बघवत नाही तिच्याकडे. तरी येतात बिचारे."

मी गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी थांबते. तेवढा वेळ त्यांना ती दिसत असते.